गोव्यात एसी कितीवर ठेवायचा? आधी हवेतली ओल बघा, मग आकडा

मार्च लागला की गोव्यात घरोघरी एकच चर्चा सुरू, एसी कितीवर ठेवायचा, आणि उत्तरही ठरलेलं, २४ वर ठेव. हा २४ आला कुठून ते आधी सांगते. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले रूम एसी कंपनीतूनच २४ च्या डिफॉल्ट सेटिंगवर येतात, खाली-वर करायची मुभा अर्थात आपल्याला असतेच. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी म्हणजे बीईई सांगते की सेटिंग एक डिग्री वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. जून २०२५ मध्ये तर केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी एसीचं सेटिंग २० ते २८ च्या मधेच ठेवता येईल असा नियम आणायचा विचार बोलून दाखवला. देशभरासाठी हे सगळं बरोबरच आहे, पण आपल्या हवेत एकच आकडा बारा महिने चालत नाही, कारण इथे जीव कासावीस होतो तो नुसत्या उकाड्याने नाही, हवेतल्या ओलीने होतो, आणि रिमोटवर ओलीचा आकडाच नसतो.

हे पटत नसेल तर फक्त पणजीचं तापमान बघा. डिसेंबरात दुपारचं सरासरी कमाल तापमान ३२-३३ च्या आसपास असतं आणि मे मधलं ३३-३४ च्या आसपास, म्हणजे दुपारच्या आकड्यात एखाद-दुसऱ्या डिग्रीचाच फरक. तरी डिसेंबरात आपण दुपारी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, सोप्यावर बसून गप्पा मारतो आणि मे मध्ये त्याच सोप्यावर पाच मिनिटं बसवत नाही. फरक कशाचा, तर एक म्हणजे रात्रीचा, डिसेंबरात रात्री पारा २१ च्या आसपास उतरतो आणि मे मध्ये २६-२७ च्या खाली जायला तयारच नसतो, आणि दुसरा हवेतल्या बाष्पाचा. घाम वाळला तरच अंग थंड होतं, आणि हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर घाम वाळणार कुठे, तो नुसता वाहत राहतो. म्हणूनच नागपूरला चालणारा वाळ्याचा कूलर आपल्याकडे कुचकामी ठरतो, तो हवेत अजून पाणी घालतो आणि आपल्याला हवं असतं ते नेमकं उलटं.

आता एसीचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून एसी चालू-बंद करणारा भाग, नक्की काय करतो ते बघू, कारण निम्मे गैरसमज इथेच आहेत. आतल्या युनिटचं झाकण उघडलं की जाळीचे फिल्टर दिसतात, त्यांच्या मागे कॉइलच्या, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या, जवळ पेन्सिलच्या टोकाएवढा एक छोटा सेन्सर वायरीला अडकवलेला असतो. खोलीतली हवा वरून आत ओढली जाते ती या सेन्सरवरून जाते, आणि तो जे वाचतो तेच एसीच्या दृष्टीने खोलीचं तापमान. म्हणजे मोजमाप होतंय भिंतीवर सात-आठ फुटांवर आणि तुम्ही झोपलाय दीड-दोन फुटांवर, शिवाय गरम हवा वर जमते, त्यामुळे सेन्सरला २६ दिसतं तेव्हा गादीवर २४-२५ पण असू शकतं. फिल्टर धुळीने भरलेला असेल तर हवाच नीट ओढली जात नाही आणि मग सेन्सरला खोलीचा खरा अंदाज येत नाही. काही रिमोटमध्ये स्वतःचा सेन्सर असतो, ते फीचर असेल तर जरूर वापरा, रिमोट उशाशी ठेवायचा, मग मोजमाप तुमच्या जवळचं होतं.

दुसरा गैरसमज म्हणजे १६ वर टाकला की खोली लवकर गार होते. जुन्या साध्या एसीत, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्यात, कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही, त्यामुळे १६ वर टाका नाहीतर २५ वर, खोली गार व्हायचा वेग तोच. म्हापशाहून पणजीला जायचंय आणि तिकीट मडगावचं काढलं म्हणून कदंबा बस जोरात पळत नाही, ती फक्त पणजीला थांबायची सोडून पुढे जाते, तसंच हे. इन्व्हर्टर एसी वेग कमी-जास्त करतो हे खरं, पण खोली ३२ असताना तो २५ वरही जवळजवळ पूर्ण ताकदीने धावत असतो, त्यामुळे तिथेही १६ चा फारसा फायदा नाही, आणि मग आपण झोपून जातो आणि पहाटे कुडकुडत गोधडी शोधतो.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जो फारसा कुणी सांगत नाही तो. भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत येणार हे बाहेर आणि आत यांच्यातल्या फरकावर ठरतं. नागपूरला मे मध्ये दुपारी बाहेर ४५ आणि आत २४, फरक २१ डिग्रीचा, तिथे कुणी २० वर आणलं तर फरक २५ होतो, म्हणजे साधारण पाचव्या हिश्श्याने वाढला. आपल्याकडे मे मधली रात्र घ्या, बाहेर २७ आणि आत २४, फरक फक्त ३, आणि तुम्ही २० वर आणलं तर फरक ७, दुपटीहून जास्त! म्हणजे गोव्यात रात्री एसी खाली नेण्याची किंमत त्या हिशेबाने फार मोठी आहे आणि थोडा वर ठेवण्याचा फायदाही तितकाच मोठा. एसीला बाकीचीही कामं असतात, खोलीतल्या माणसांची उष्णता काढायची, तापलेल्या स्लॅबची काढायची, ओल काढायची, त्यामुळे बिल काही सरळ दुप्पट होत नाही, पण दिशा हीच. आणि विजेचं बिल दरांच्या टप्प्यांनी येतं, जितकी युनिटं जास्त तितका वरच्या युनिटांचा दर जास्त, म्हणजे एसीवर आपण जी वाचवतो ती सगळ्यात महागडी युनिटं असतात.

ओल काढायचं काम किती मोठं असतं ते बघायचं असेल तर ड्रेन पाइपखाली रात्रभर बादली ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर दमट रात्री बेडरूममधल्या एसीतून सकाळपर्यंत दहा लिटर पाणी सहज निघू शकतं. हे पाणी काही एसीतलं नाही, तुमच्या खोलीच्या हवेतलं आहे. एक लिटर बाष्पाचं पाणी करायला जेवढी उष्णता काढावी लागते ती जवळजवळ पाऊण युनिटाएवढी, एसी स्वतः एक युनिट खाऊन साडेतीन-चार युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे दहा लिटरला साधारण दोन युनिट वीज गेली आणि त्यात तापमान एक डिग्रीनेही उतरलं नाही. म्हणून तर दारं-खिडक्यांच्या फटी बुजवणं आपल्याकडे इतकं महत्त्वाचं, कारण फटीतून नुसती गरम हवा येत नाही, पाणी येतं.

मग आता ऋतूप्रमाणे काय करायचं.

मार्च ते मे. दुपारी २५-२६ आणि सोबत सीलिंग फॅन एक किंवा दोन नंबरवर. फॅन लावला की अंगावरचं वारं वाढतं आणि साधारण दोन डिग्री कमी असल्यासारखं वाटतं, आणि साधा फॅन ७०-८० वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, असेल तर ३० च्या आसपास, तर दीड टनाचा एसी जोरात चालताना दीड हजार वॅटच्या घरात जातो, त्यामुळे फॅन लावून एसी वर ठेवणं हा सौदा कधीच तोट्याचा नाही. रात्री झोपताना २६, आणि स्लीप मोड असेल तर तो लावाच, तो पहिल्या एक-दोन तासांत सेटिंग हळूहळू एक-दोन डिग्री वर नेतो, कारण झोपेत शरीराला तेवढ्या गारव्याची गरज नसते. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर २६-२७ आणि वारं थेट अंगावर नको. पहिल्यांदा २६ ऐकून कुणालाच पटत नाही, पण चार-पाच रात्री द्या, शरीर सवय करतं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भारतीय इमारतींवर झालेल्या कामातूनही हेच दिसलं की बाहेरचं हवामान जसं बदलतं तसं माणसाला बरं वाटणारं तापमानही सरकतं, बारा महिने एकच नसतं.

वरच्या मजल्यावर फ्लॅट असेल, म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब, तर वेगळी भानगड असते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री नऊ-दहा-अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत बसतो, हवा २६ झाली तरी छतच तापलेलं असल्याने वरून भगभग जाणवते आणि हात आपोआप रिमोटकडे जातो. इथे सेटिंग खाली करून फार उपयोग नाही, गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग नाहीतर सावलीसाठी पत्र्याची शेड जास्त कामाची. जुनं चिऱ्याचं कौलारू घर असेल तर कौलांच्या फटींतून गार हवा निघून जाते आणि उंच माळ्यामुळे हवेचा पसारा मोठा, अशा घरात सगळी खोली गार करायचा हट्ट न धरता एकच लहान खोली फॉल्स सीलिंग करून बंदिस्त करावी, बाकी घर फॅन आणि वाऱ्यावर चांगलं राहतं, ते घर त्यासाठीच बांधलेलं आहे.

जून ते सप्टेंबर हा गोव्यातला सगळ्यात अवघड काळ, आणि चुका इथेच जास्त होतात. जुलैत दिवसा जेमतेम २९, रात्री २४-२५, म्हणजे उकाडा असा नाहीच, पण चादर दमट, उशी दमट, कपाटात कुबट वास, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी. आता तुम्ही एसी कूलवर २६ ला लावला तर होतं काय, खोली आधीच २६ च्या आसपास असते, त्यामुळे थर्मोस्टॅट म्हणतो काम झालं, कॉम्प्रेसर बंद. पण आतला पंखा चालूच राहतो आणि कॉइलवर साचलेलं पाणी परत खोलीत उडवत बसतो. ओल तशीच, अंग चिकचिकीत, मग माणूस वैतागून २० वर आणतो, आता खोली गारठते, भिंती गार पडतात, आणि खरा त्रास तिथून सुरू होतो.

कसा ते सांगते. हवा २७ डिग्री आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर त्या हवेतलं बाष्प २५ डिग्रीला पाणी होऊन बसायला लागतं. म्हणजे पावसाळ्यात २५ पेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूला बाहेरची हवा लागली की ती वस्तू घामेजणार. बेडरूम २० वर ठेवली की पॅसेजच्या बाजूची भिंत पण गार पडते आणि पॅसेजच्या दमट हवेतलं पाणी तिच्यावर बसतं, मग दोन आठवड्यांत कोपऱ्यात काळे ठिपके, आणि आपण प्लंबरला बोलावतो की गळती कुठे आहे बघ. गळती नसतेच. तीच गोष्ट खिडकीच्या काचेची, बाहेरच्या अंगाने पाणी ओघळतं. आणि सकाळी उठून एसी बंद करून लगेच सगळ्या खिडक्या उघडल्या की लाद्या अशा ओल्या होतात की पाय घसरावा, कारण लाद्या अजून गार असतात आणि बाहेरची हवा पाण्याने भरलेली.

म्हणून पावसाळ्यात ड्राय मोड. रिमोटवर थेंबाचं चित्र असतं तो. यात पंखा हळू फिरतो आणि कॉम्प्रेसर थोडा थोडा वेळ चालतो, त्यामुळे तापमान फार न उतरवता पाणी जास्त निघतं. बऱ्याच मॉडेलमध्ये ड्रायमध्ये तापमान सेटच करता येत नाही किंवा एक-दोन डिग्रीच्या आतच हलतं, त्याने गोंधळून जाऊ नका, ते तसंच असतं. संध्याकाळी दीड-दोन तास खिडक्या बंद करून ड्राय, मग झोपताना नुसता फॅन, बहुतेक रात्री एवढं पुरतं. ड्राय मोड नसेल तर कूलवर २५ ठेवून एसीच्या पंख्याचा वेग सगळ्यात कमी करा, हवा हळू गेली की कॉइल जास्त गार राहते आणि पाणी जास्त पकडते. खिडकी मात्र बंद पाहिजे, उघड्या खिडकीत ड्राय मोड म्हणजे अख्ख्या गावाची हवा सुकवायला बसणं.

या दिवसांत तीन-चारशे रुपयांचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर घेऊन ठेवा असं मी सगळ्यांना सांगते, गोव्यातल्या घरात ते घड्याळाएवढंच गरजेचं आहे. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत असेल तर २७ डिग्रीलाही माणूस शांत झोपतो, ८० टक्के असेल तर २४ ला पण कूस बदलत राहतो. मीटर ७० च्या वर सतत दिसत असेल तर कपाटं, पुस्तकं, देवघरातल्या पोथ्या यांच्याकडे लक्ष द्यायची वेळ आली समजा. चवथीला घर पाहुण्यांनी भरतं, दहा-बारा माणसं एका खोलीत झोपतात, प्रत्येकाच्या श्वासातून आणि घामातून ओल येतेच, तेव्हा ड्राय पुरत नाही, कूल २५ आणि फॅन, आणि दार सारखं उघडं राहणार असेल तर एसी बंद करून सरळ खिडक्या उघडा, अर्धवट उघड्या दारात एसी चालवण्यासारखं महाग काही नाही.

ऑक्टोबर म्हणजे पाऊस सरलेला पण जमीन भिजलेली, त्यावर कडक ऊन, जमिनीतली सगळी वाफ वर येते. मे सारखंच सेटिंग, दिवसा २५-२६ आणि फॅन, पण त्याआधी फिल्टर धुवून घ्या आणि शक्यतो सर्व्हिसिंगही, कारण चार महिने ओलीत राहिलेल्या कॉइलवर बुरशी धरलेली असते आणि पहिल्यांदा लावल्यावर जो आंबट वास येतो तो तिचाच. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी, मिरामार, कांदोळी, कोलवा, वास्को असा पट्टा, बाहेरचं युनिट गोड्या पाण्याने धुवून घ्यायला सांगावं, खाऱ्या वाऱ्याने त्याच्या पात्या गंजतात आणि मग कितीही सेटिंग बदला, उष्णता बाहेर पडतच नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री एसी लागतच नाही, सत्तरी तालुक्याकडे तर पहाटे शाल लागते. दुपारी वाटलंच तर २७, नाहीतर दुपारी खिडक्या-पडदे बंद आणि संध्याकाळ झाली की आरपार उघडे, एवढ्याने घर छान राहतं. या काळात एसी महिना-महिना लावणार नसाल तर त्याचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा स्विच, खाली करून ठेवा, रिमोटने बंद केलेला एसी थोडी थोडी वीज खातच असतो.

घरात अजून दोन थर्मोस्टॅट आहेत त्यांचंही थोडक्यात. फ्रिजमधला नॉब. त्यावरचे १ ते ५ किंवा १ ते ७ हे डिग्री नसतात, आकडा मोठा म्हणजे गारवा जास्त, आणि हे बऱ्याच घरात उलटं समजलं जातं. खालच्या कप्प्यात ४-५ डिग्री हवं, फ्रीझरला उणे १८. मे मध्ये आणि ऑक्टोबरात नॉब मधल्यापेक्षा एक वर, बाकी वर्षभर मध्यावर, थंडीत एक खाली. बाजारातून बांगडे नाहीतर सुंगटां म्हणजे कोळंबी आणून ठेवता त्या दिवशी गारवा कमी पडता कामा नये, शंका असेल तर साधं फ्रिजचं थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून रात्रभर ठेवा आणि सकाळी वाचा. पावसाळ्यात दाराच्या रबरापाशी पाणी सुटतं ते बहुतेक वेळा बाहेरच्या ओलीचं असतं, नॉब वाढवून ते जाणार नाही, उलट वाढेल, रबर पुसून सैल झालंय का ते बघा.

आणि न्हाणीतला गिझर. १५ लिटरचा २ किलोवॅटचा गिझर २५ चं पाणी ५५ ला न्यायला साधारण अर्धं युनिट आणि पंधरा-सोळा मिनिटं घेतो, त्यामुळे तो तासभर आधी लावायची काही गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत ५५ ते ६०, पावसाळ्यात ५० ते ५५ पुरे. फार खाली, ४०-४५ वर कायमचं ठेवू नका, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात, आठवड्यातून एकदा तरी ६० पर्यंत नेऊन सोडावं. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारनंतर इतकं तापलेलं असतं की संध्याकाळच्या अंघोळीला गिझरचा स्विच लावायचंच कारण नाही, उलट नळ थोडा वेळ सोडून हात लावून बघा आणि मगच लहान मुलांना न्हाणीत पाठवा.